तुम्ही विचारलंत म्हणून: ही खुर्ची आपल्या घरात शोभेल का?

"काय वो ताई, ही असली फॉरेनची खुर्ची आमच्या घरात शोभल काय?"

बेळगावात शहापुरातल्या माझ्या कामाच्या खोलीत वेताची जाळी बदलून घ्यायला आलेलं माणूस हे एकदा तरी विचारतंच. कोपऱ्यात स्टीलच्या नळीची, मागचे पाय नसलेली एक खुर्ची आहे, तिच्याकडे बघून. नवं घर बांधलेले लोक जास्त विचारतात. उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मला वाटतं, असली फॉरेनची खुर्ची तुमच्या घरात कधीच येऊन बसली आहे. फक्त तिला तुम्ही 'मॉडर्न' म्हणत नाही. माझ्या आत्याकडे गणपत गल्लीत गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. घरात सगळे तिला 'हॉटेलातली खुर्ची' म्हणतात. तिचं मूळ व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटनं १८५९ साली काढलेल्या १४ नंबरच्या खुर्चीत आहे. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुटे भाग करून ठेवले तर एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावायच्या. म्हणून ती जगभर गेली, आणि तिच्या चालीवर केलेल्या खुर्च्या मुंबईच्या इराण्यांकडेही दिसू लागल्या.

पण माझा तिच्यावर जीव जडला तो तिच्या वाकण्यानं. वाफेनं मऊ झालेलं लाकूड दबून घेतं, ताण मात्र त्याला सोसत नाही. काठी वाकवताना बाहेरच्या अंगाचे धागे लांबायला बघतात आणि तिथंच ती फुटते. थोनेटनं त्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळली आणि तिची दोन्ही टोकं अडवली. आता लाकडाला लांबायला वावच नाही, ते आतल्या बाजूनं दबत गेलं आणि न फुटता वळलं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा आमचा आज्जा आठवला. तो खानापूरकडे बैलगाडीची चाकं करायचा. धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं. लोखंड आक्रसलं की तुंबा, आरे, पाटे सगळं एकजीव. दोन्ही कामं वेगळी आहेत, पण लाकडाला लोखंडानं नीट धरलं तर ते काय काय सोसतं, हे आज्जालाही पुरतं ठाऊक होतं. थोनेटचं नाव त्यानं कधी ऐकलं नसेल.

आता कोपऱ्यातली ती नळीची खुर्ची. जर्मनीत डेसाऊच्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयरनं नवी सायकल घेतली. तिचं वाकवलेलं हँडल बघून त्याला सुचलं की याच नळीची खुर्ची का करू नये. साल १९२५. बेळगावकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवातही इथल्याच सायकलच्या दुकानातून झाली, १८८८ साली. सायकल उघडून बघणाऱ्या माणसाला पुढं बरंच काही दिसतं. पुढं १९२६ च्या सुमारास हॉलंडच्या मार्ट स्टामनं मागचे पायच काढून टाकले. ब्रॉयरनं १९२८ मध्ये तशाच नळीच्या सांगाड्यावर लाकडी चौकट आणि तिच्यात वेताची जाळी बसवली. ती मला सगळ्यांत लाडकी. थंड चकचकीत स्टील आणि हातानं विणलेला वेत एकमेकांना इतके साजून दिसतील, असं आधी वाटलं नसतं.

मी तशी एक करायला घेतली आणि पहिली वाया घालवली. फोटोवरून मापं काढली, बाजारात मिळाली ती नळी घेतली. आठवड्याभरात बैठक पुढं कलली. उद्यमबागेतल्या एका वयस्क वेल्डरमामांना दाखवली. त्यांचं कन्नड, माझं मराठी, आणि 'कुर्ची' हा शब्द दोघांचाही. त्यांनी नळीचं तोंड दाखवलं. पत्रा पातळ होता. मागचे पाय नाहीत म्हटल्यावर बसणाऱ्याचा सगळा भार पुढच्या वळणावर येतो, आणि वाकवताना नेमका तिथंच बाहेरचा पत्रा आणखी पातळ होतो. दुसऱ्या वेळी जाड नळी घेतली, आत वाळू ठासून भरली म्हणजे ती चेपत नाही, आणि नळीचा वेल्डिंगचा जोड वळणाच्या बाहेर न ठेवता बाजूला ठेवला. लाकडासारखंच लोखंडही बाहेरच्या अंगालाच दगा देतं. ती दुसरी खुर्ची आज कोपऱ्यात आहे.

म्हणून नुसता आकार उचललेली नक्कल बघितली की मला वाईट वाटतं. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, पैसे देणाऱ्याला फरक कळतो तो उशिरा.

चंडीगडच्या खुर्च्यांचंही लोक विचारतात. वास्तुविशारद पियेर जानरेच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी त्या झाल्या, सागवान आणि वेत, दोन पाय जुळून उलट्या 'व्ही'सारखे. पुढं त्यांतल्या कितीतरी भंगारात गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. तेव्हा माळ्यावरची वेताची खुर्ची भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला एकदा दाखवा. आपल्याकडच्या पावसात वेत सैल पडतो, त्याला घाबरू नका. ऊन पडायला लागलं की जाळी खालच्या बाजूनं कोमट पाण्याच्या फडक्यानं ओली करा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत पुन्हा ताणून बसतो. तुटलेला असेल तर मात्र विणावाच लागतो.

तर, शोभेल का? शोभेल, पण आधी घरातलं कोण बसणार ते बघा. आपण खुर्चीवरही एक पाय दुमडून बसणारी माणसं. अनगोळच्या एका बाई फोटोतला बुटका सोफा करून घ्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, सासूबाईंना दुकानात न्या, तसल्याच सोफ्यावर दहा मिनिटं बसवा आणि हात न टेकता उठता येतंय का बघा. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या माळ्यावरची गोल बैठकीची खुर्ची घेऊन. जाळी पार फाटलेली होती. विणायला चार दिवस लागले. सासूबाई आता पाय दुमडून तिच्यावर बसतात आणि शेंगा सोलतात.