दसऱ्याचे तीन फोल्डर

ठाण्यातल्या एका काकांना मी जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना फोल्डर वाटून देणारं सांबा टाकून घरचा सर्व्हर लावून दिला होता. फोटो, बिलं, नातवाचे प्रोजेक्ट, सगळं एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये. बरेच दिवस फोन नाही, म्हणजे सगळं ठीक. मग एका सकाळी काका तापलेले: ‘‘अहो, दसऱ्याचे निम्मे फोटो उडालेत. वर त्याच नावाचे तीन फोल्डर दिसतायत. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर होत नाहीत, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?’’

सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. म्हणूनच घरी जाऊन बघावंसं वाटलं.

अशा तक्रारीत पहिला संशय कॅपिटल-स्मॉलवर जातो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइली साठवायच्या मांडणीला मोठा ‘पी’ आणि छोटा ‘पी’ वेगळे, विंडोजला सारखेच. पण देवनागरीत ही भानगडच नाही. नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल म्हटलं, तर तीही नव्हती. स्क्रीनवर तिन्हीकडे स्वच्छ ‘दसऱ्याचे फोटो’.

मग तिन्ही नावं हेक्सडंपमधून, म्हणजे आतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनातून, काढली आणि मजा दिसली. ‘दस’पर्यंत सगळं जुळत होतं. पुढे पहिल्या नावात ई० ए४ बी१, म्हणजे ‘ऱ’ हे एकसंध अक्षर. दुसऱ्यात ई० ए४ बी०, म्हणजे साधा ‘र’, आणि त्याच्यानंतर नुक्ता (अक्षराखालचं टिंब). तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ई२ ८० ८डी, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, अक्षरं जोडणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर). युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या जागतिक मानकात, हा अर्धा ‘र’ लिहायची ही तिसरी रीत त्याच्याच जुन्या आवृत्ती २.०शी सुसंगती राखायला ठेवलेली आहे. ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत फक्त बाइट बघते, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन परकी नावं.

उगमही सापडले. एकसंध ‘ऱ’ मुलाच्या लॅपटॉपवरचा. झेडडब्ल्यूजेवाला खुद्द काकांच्या कीबोर्डचा. नुक्त्यावाला सूनबाईंच्या मॅकवरून आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं आलेला. त्यांची जुनी डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या मांडणीची, आणि ती नावं अशी फोड करूनच साठवते. २०१७पासून मॅकवर आलेली एपीएफएस ही नवी मांडणी नाव दिलं तसं ठेवते, पण जुन्या डिस्का कोण फेकतो? फोटो एकही गेला नव्हता. तीन जागी वाटले गेले होते, इतकंच.

कॉन्व्हएमव्ही या नावं बदलणाऱ्या साधनाला एनएफसीचा, म्हणजे फोडलेली अक्षरं एकसंध करायचा, पर्याय दिला की नुक्त्याची फोड जुळते. पण त्या नावाचा फोल्डर आधीच असेल तर ते हात लावत नाही, आणि झेडडब्ल्यूजे तर एनएफसीत तसाच राहतो. त्यामुळे आधी तिन्ही फोल्डर एकत्र करणं आलं. खरी जोखीम तिथेच होती: कॅमेऱ्याचा आकडा चार अंकी, ९९९९ झाला की पुन्हा पहिल्यापासून. एकाच नावाचे दोन वेगळे फोटो निघाले, म्हणून नावावर न जाता चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढून जुळवले. मूळ फोल्डर बाजूला ठेवूनच.

मी सुचवलं, फोल्डरांची नावं इंग्रजीत ठेवू, कटकट मिटेल. काका म्हणाले, ‘‘दसरा आमचा, फोटो आमचे, आणि नाव इंग्रजीत?’’ मला ते पटलं. दुरुस्ती यंत्राच्या बाजूनं व्हायला हवी. सूनबाईंच्या मॅकसोबत आलेलं आरसिंक २.६.९ होतं, त्यात आयकॉन्व्हचा, म्हणजे पाठवताना नावांची लिहिण्याची रीत बदलायचा, पर्यायच नाही. तिसरी आवृत्ती टाकली, स्क्रिप्टमध्ये तो पर्याय घातला. सर्व्हरवर रोज रात्री झेडडब्ल्यूजे किंवा सुटा नुक्ता असलेली नावं शोधणारी एक ओळ क्रॉन या ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकली.

ती लगेच चालवून पाहिली, तर ‘किनाऱ्यावर’ दोन आणि ‘बाबांच्या वाऱ्या’ दोन निघाले. काकूंनी चहा परत गॅसवर ठेवला.