चिवल्याच्या समुद्रात पाच किलोमीटर

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते. तिथे मी पहिल्यांदाच ५ किलोमीटरच्या गटात उतरले. गेली चार वर्षं हौसेने ट्रायथलॉन करते आहे. १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं अशा ऑलिम्पिक अंतराच्या तीन पूर्ण केल्या, पण त्यातलं सगळं पोहणं तलावातलं. पुण्यात २५ मीटरच्या टाकीत ५ किलोमीटरला मला १ तास ५२ मिनिटं लागतात. चिवल्याला २ तास ३१ मिनिटं लागली. ही जादाची ३९ मिनिटं कुठे गेली ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी जाणाऱ्यांची तरी वाचतील.

पुण्याहून आम्ही फोंडाघाट, कणकवली, कसालमार्गे गाडीने गेलो. मुंबईकरांना कोकणकन्या सोयीची, सकाळी कुडाळला उतरायचं आणि तिथून एसटी किंवा रिक्षा. स्पर्धा रविवारी असेल तर गुरुवारीच पोचा. मी शनिवारी दुपारी पोचले. समुद्रात सरावाला उतरले ती चार वाजता, तेव्हा खारे वारे सुटलेले आणि पाणी उसळत होतं. स्पर्धा सकाळी सातला. त्या वेळी मतलई वारे असतात आणि पाण्यावर जवळजवळ सुरकुतीसुद्धा नसते. म्हणजे माझा सराव झाला तो वेगळ्याच समुद्राचा. स्पर्धा ज्या वेळी आहे त्याच वेळी आदल्या दोन दिवशी पाण्यात उतरलं पाहिजे, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे.

आम्ही राहिलो त्या घरच्या काकांचं आयुष्य होडीवर गेलंय. रात्री अंगणात त्यांनी विचारलं, "उद्या तिथ खयची?" पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे तासभर मागेपुढे होतं, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता बघाच, पण अंदाज बोटांवर येतो. आम्ही सातला उतरणार ते ऐन ओसरत्या पाण्यात. ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाण्याला सर्वांत जास्त ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती आणखी वाढते आणि अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, कमी होते. स्पर्धेची तारीख कळली की लगेच कालनिर्णय उघडून तिथी बघून ठेवा.

काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती अशी, "बाय, बोया बघीत रवलंस तर पाणी खंय न्हेता तां कळाचा नाय. जमीन बघ." बोया म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर सोडलेली तरंगती खूण. मी मान डोलावली. खरं काय ते पाण्यात कळलं.

सकाळी साडेसहाला दंडावर मार्करने नंबर घातले. नंबर आधी, व्हॅसलीन नंतर हा क्रम मी बरोबर पाळला. मान, काखा, पोहण्याच्या पोशाखाच्या कडा असं सगळीकडे भरपूर लावलं. मिठाच्या पाण्यात दोन तास कातडी घासली की आंघोळीला डोळ्यांत पाणी येतं, त्यामुळे इथे कंजूषी नको. पण त्याच बोटांनी मी गॉगल उचलला. डाव्या काचेवर चिकट ठसा उमटला आणि पाण्यात चोळल्यावर तो काचभर पसरला. मग जवळपास दोन तास डाव्या डोळ्याला नुसता धुरकट उजेड. आधी गॉगल कपाळावर चढवा, मग व्हॅसलीन, आणि शेवटी बोटं वाळूने घासून कोरड्या टॉवेलला पुसा.

जाताना त्रास नव्हता. पाणी कोमट, खारं असल्यामुळे अंग वर उचलून धरणारं. सुमारे दीड किलोमीटरपर्यंत मी टाकीपेक्षा जलद होते. त्यात माझं कौतुक नाही, ओहोटी नेत होती. पहिल्या वळणाच्या बोयाला वळसा घातला आणि किनाऱ्याला समांतर निघाले, तेव्हा लाटा डाव्या कुशीवर यायला लागल्या. मी फक्त डावीकडे श्वास घेणारी. तिसऱ्या-चौथ्या लाटेला तोंडभर पाणी गेलं, मग पोटात ढवळलं आणि दोनदा ओकारी झाली. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला निदान तीन महिने आधीपासून शिका. पोशाखात आलेपाकाची वडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोचली होती, ती गालात धरल्यावर दहा मिनिटांत बरं वाटलं.

खरी परीक्षा परतीची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्रातून परत येताना सूर्य समोर असतो आणि पाण्यावर सगळीकडे चकाकी. नारिंगी बोया दिसेचना. एक दिसला, त्याच्या रोखाने पंधरा मिनिटं हात मारले आणि डोकं वर काढलं तर रॉक गार्डनचे काळे खडक उजवीकडे भलतेच जवळ आलेले. बोया नजरेसमोर होता, पण मी दक्षिणेला वाहत होते. तेव्हा काकांचं वाक्य आठवलं.

मी उभ्याने पाय मारत थांबले आणि जमीन न्याहाळली. उन्हाविरुद्ध रंग कळत नाहीत, आकार कळतात. सुरूच्या रांगेच्या वर एकच उंच, वाकडा माड होता आणि त्याच्या बराच मागे मोबाईलचा टॉवर. दोन्ही एका रेषेत आणले. टॉवर माडाच्या उजवीकडे सरकला की आपण उजवीकडे वाहिलो, डावीकडे सरकला की डावीकडे. दर वीस हातांनी नजर टाकायची आणि टॉवर पुन्हा माडामागे लपवायचा. होडीवाले खडकांतून वाट काढताना हेच करतात. आदल्या दिवशी किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहून अशा जोड्या हेरता येत नाहीत, त्या पाण्यातून जमिनीकडे बघूनच ठरवाव्या लागतात. आणि गडद काचेचा गॉगल न्या. माझा पारदर्शक होता.

शेवटच्या किलोमीटरला डाव्या हाताला जेलीफिश लागला. तापलेली तार टेकवावी तशी कळ मनगटापासून कोपरापर्यंत गेली. मी हात वर केला आणि सुरक्षेची होडी दोन मिनिटांत आली. श्वास नीट आहे, ओठ सुजले नाहीत, चक्कर नाही एवढं त्यांनी तपासलं आणि मी पुढे निघाले. यांतलं एकही लक्षण असेल तर तिथेच होडीत चढा, पदकाचा विचार करू नका. किनाऱ्यावर आल्यावर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, लिंबूबिंबू लावू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा. काकूंनी पातेलंभर पाणी तापवून दिलं, अर्ध्या तासात आग उतरली. वळ मात्र आठवडाभर होते.

जीभ मिठाने सुजलेली असते, तिखट अजिबात जात नाही. मी उकड्या तांदळाची पेज दोन वाट्या खाल्ली, माशांची कढी संध्याकाळी. पहाटेही पेजच खाल्ली होती, ती पोटात छान राहते.

त्याच दिवशी गाडी चालवत परतू नका. खांदे इतके धरतात की घाटात स्टिअरिंग फिरवणं जिवावर येतं. आम्ही मुक्काम वाढवला. सोमवारी सातला मी पुन्हा पाण्यात गेले, गॉगल स्वच्छ धुऊन, आणि काका किनाऱ्यावर जाळं विणत बसले होते. टॉवर माडामागे धरून अर्धा तास पोहले. बाहेर आले ती बरोबर माडासमोर, जिथे चपला काढून ठेवल्या होत्या तिथेच.