टाचेखालची उशी

कराडच्या आसपासच्या गावांत मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. तिथल्या एका मावशींच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून 18 दिवस झाले होते. वाकणं छान चाललं होतं. पलंगाच्या कडेला बसून त्या पाय मागे ओढायच्या, गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, 95 डिग्री दाखवायचा आणि मुलगा लगेच पुण्याला बहिणीला फोन लावून आकडा सांगायचा. घरात तोच एक आकडा महत्त्वाचा होता. माझ्या वहीत दुसरा होता. घरी आल्या त्या दिवशी गुडघा पूर्ण सरळ व्हायला 7 डिग्री कमी पडत होत्या. आता 15.

व्यायाम चुकत नव्हते. मांडी आवळून धरणं, पाय सरळ उचलणं, पंजा वर-खाली करणं, सगळं सून करून घ्यायची, तेही गोळी दिल्यावर अर्ध्या तासाने. ताप नव्हता, जखम कोरडी होती, पोटरी मऊ होती. मग गुडघा आखडत होता कशाने?

गुरुवारी एका पेशंटने नको म्हणून कळवलं, म्हणून संध्याकाळऐवजी दुपारीच गेले. मावशी जेवून आडव्या झाल्या होत्या, आणि उजव्या गुडघ्याखाली जाडजूड उशी.

"ही रोज असते?"

"व्हय मॅडम. तिच्याबिगर आत्यांचा डोळाच लागत नाही," सून म्हणाली. "जुन्या लुगड्याची मीच शिवली."

गुडघा थोडा वाकलेला असला की आतल्या सुजेला जागा मिळते आणि दुखणं कमी होतं. म्हणून ती उशी सुखाची. पण मी अर्धा तास जे सरळ करत होते, ते उशी रात्रभर वाकवून ठेवत होती. गुडघ्यामागचा भाग तसाच आखडत गेला तर काही महिन्यांनी तो सैल करणं फार अवघड होतं. मग माणूस वाकल्या पायावर उभा राहतो, मांडीला विसावा मिळत नाही, चाल लंगडी होते, आणि भार जातो दुसऱ्या गुडघ्यावर. मावशींचा तो गुडघाही झिजलेला आहे.

झोपता कशा, हे मी इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. मी त्यांना नेहमी बसलेलंच पाहिलं होतं.

सुनेला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "माझ्यामुळंच झालं म्हणायचं." मी म्हटलं, वहिनी, सांगायचं काम माझं होतं, ते राहून गेलं. मग तीच उशी घडी घालून मावशींच्या टाचेखाली ठेवली. गुडघ्याखाली काहीच नाही, पाय आपल्याच वजनाने खाली येणार.

"काढा ती! गुडघा मोडंल माझा!"

"नाही मोडत, मावशी. मागचा भाग ताणला जातोय, त्याला ताणायचंच आहे. पाच मिनिटं धरा."

तीन मिनिटांवर काढावी लागली. फडक्यात बांधून बर्फ ठेवला, सून त्यांचा हात धरून बसली. तेवढ्यात गोठ्यातून म्हैस हंबरली आणि मावशींनी विचारलं, "मला म्हशीखाली बसता येईल का ओ परत?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण नव्या गुडघ्यावर उकिडवं बसायचं नाही, हे सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, धार वहिनी काढतील. वैरण टाकायला, पाणी दाखवायला तुम्ही जाल, काठीशिवाय. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आम्ही तिघी बराच वेळ गप्प होतो.

मग भिंतीकडेच बघत त्या म्हणाल्या, "ठेव गं ती उशी परत."

दिवसातून चार वेळा, आधी पाच मिनिटं, मग दहा. पहिल्या दोन रात्री त्यांना झोप लागली नाही, सून उशाशी बसून होती. पुढच्या गुरुवारी मोजलं तर 9 डिग्री. मुलाने पुण्याला फोन लावला आणि पहिल्यांदाच दोन आकडे सांगितले.