बाईंनी ऐकवलेलं 'लंडन'

गॅदरिंग, किल्ल्यावरची सहल, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं यांवर या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते सोळा ओळींच्या एका कवितेवर. विल्यम ब्लेकची 'लंडन', १७९४ साली छापलेली. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी ती नववीत ऑफ तासाला घेतली. परीक्षेत येणार नाही हे आधीच सांगून.

ब्लेक पोटासाठी तांब्याच्या पत्र्यांवर कोरीवकाम करायचा आणि आपल्या कविताही स्वतःच कोरून, छापून, रंगवायचा. कवीची एवढीच ओळख. रोमँटिक कवी म्हणजे डोंगर आणि झरे, अशी आमची समजूत. इथे सगळी काजळी.

बाईंनी फळ्यावर दोन रकाने पाडले. डावीकडे धुराडी साफ करणाऱ्या पोराची हाळी, सैनिकाचा उसासा, मध्यरात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या तरुण वेश्येचा शाप. उजवीकडे चर्च, राजवाडा, लग्न. "आवाज कुणाचा हे कुणीही सांगेल. तो कुणाच्या भिंतीवर आदळतो ते बघा," त्या म्हणाल्या. कविता उलगडायची सगळी किल्ली मला त्या एका वाक्यात मिळाली.

धुराड्यांत चढायला चार-पाच वर्षांची पोरंही लावत. आठ वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये असा कायदा १७८८ मध्ये झाला, पण तो पाळतो कोण! त्या पोराच्या अंगावरची काजळी आणि चर्चच्या भिंती काळवंडणारी काजळी एकच. १७९३ पासून इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध सुरू होतं. सैनिकाचा उसासा रक्त होऊन राजवाड्याच्या भिंतीवरून ओघळतो. "बाई, उसासा दिसेल कसा?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. बाईंना हवा होता तो हाच प्रश्न. मग त्यांनी या कडव्याच्या ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचायला लावली: एच, ई, ए, आर. हिअर! ब्लेकने हे मुद्दाम केलं की आपोआप जमलं, यावर आम्ही घंटा होईपर्यंत भांडलो.

लंडनचे रस्ते आणि थेम्स नदीसुद्धा सनदेने, म्हणजे हक्क वाटून देणाऱ्या सरकारी हुकुमाने बांधलेली, असं कविता सुरुवातीलाच म्हणते. आधीच्या खर्ड्यात तिथे नुसतं 'घाणेरडे' होतं. घाण कुणीही झाडेल, मालकी कशी झाडणार? आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीची सनदही १७९३ मध्येच वीस वर्षांनी वाढवून मिळाली होती, हे मला पुढे इतिहास वाचताना कळलं.

कवितेतली मनाने घडवलेल्या बेड्यांची ओळ हल्ली प्रेरणादायी भाषणांत ऐकू येते, जणू गरिबाने मनावर घेतलं की बेडी तुटली. मला ते पटत नाही. दुसऱ्या कडव्यात 'प्रत्येक' हा शब्द पाच वेळा येतो. प्रत्येक माणसाच्या आक्रोशात, प्रत्येक मनाईहुकुमात त्याच बेड्यांचा खणखणाट आहे. म्हणजे हुकूम काढणाराही सुटलेला नाही.

शेवटचं कडवं बाईंनी गाळलं नाही. मुलं-मुली एकत्र बसलेल्या वर्गात त्यांनी सरळ सांगितलं की इथे शाप म्हणजे शिवी आणि गुप्तरोग दोन्ही. तो रोग नवऱ्याबरोबर घरात येतो आणि तान्ह्या बाळापर्यंत पोचतो. लग्नाची गाडी आणि तिरडी ब्लेकने एकाच शब्दजोडीत बसवली आहे. वर्गात कुणीही खिदळलं नाही.

आज मात्र मी बाईंशी एका गोष्टीवर वाद घातला असता. १७८९ च्या आपल्या दुसऱ्या कवितेत ब्लेक धुराड्यातल्या पोराला स्वतः बोलू देतो. आई लहानपणी गेली, बापाने विकलं, हे तो आपल्या तोंडाने सांगतो. 'लंडन'मधल्या त्या मुलीचा शाप आपल्याला ऐकू येतो, पण ती कुठून आली, तिला कुणी विकलं, हे विचारायला ब्लेक थांबत नाही. बाळाचे अश्रू त्याला दिसतात. तिचे दिसत नाहीत.