दोन टक्के

होडीच्या पिछाडीला लावायच्या मोटरी दुरुस्त करणे आणि जुनी काढून नवी बसवून देणे हे काम मी गोव्यातल्या शिवोलीत सतरा वर्षे करतो आहे. गिऱ्हाइकाने मागितली त्यापेक्षा कमी ताकदीची मोटर घ्या, असा सल्ला मी या काळात अनेकांना दिला आणि बहुतेकांनी नंतर आभारच मानले. गेल्या नोव्हेंबरात मोरजीच्या एका तांडेलकाकांनाही मी तोच सल्ला दिला. तो सल्ला कागदावर आजही बिनचूक दिसतो, आणि म्हणूनच तो कागद मी अजून फेकलेला नाही.

काकांची होडी एकवीस फुटी, फायबरची. हंगामात पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला, पहाटे गरीने मासे पकडण्याची हौस असलेल्यांना बाहेर न्यायला आणि थंडीत मोरजीच्या वाळूवर उतरणारे पक्षी पाहणाऱ्यांना शापोरा नदीत फिरवायला ती वापरली जाते. तिच्यावर ६० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर होती आणि ती पाच हंगाम चालली होती. चारपैकी एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, इतरांच्या निम्म्यावर आले होते. धूर बाहेर टाकणाऱ्या भागाचे ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्याने आतून खाल्ले होते आणि तिथून पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचले होते. दररोज संध्याकाळी दहा मिनिटे गोड्या पाण्यावर मोटर चालवली असती तर ती आणखी तीन वर्षे सहज टिकली असती, पण हे मी प्रत्येक मालकाला सांगतो आणि प्रत्येक मालक मान डोलावतो. दुरुस्तीचा खर्च नव्या मोटरीच्या निम्म्याहून अधिक होत होता, म्हणून ती काढायची ठरली. नवी ९० ची बसवा, असे काका म्हणाले.

९० चा आग्रह मला नवा नव्हता. किनाऱ्यावर शेजारच्या होडीवर मोठा आकडा दिसला की आपल्याही होडीवर तो हवासा वाटतो, आणि विक्रेत्यांनाही त्यात काही गैर वाटत नाही. मी आधी पिछाडीची फळी हातोडीने वाजवून पाहिली. फायबरच्या आत प्लायवूड असते. त्यात पाणी शिरलेले असले तर आवाज बद्द येतो. इथे तो टणक होता, पण ती फळी ९० च्या वजनासाठी घडवलेलीच नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक होड्यांवर किती ताकद आणि किती वजन चालेल याची पट्टी होडी बांधणारा लावत नाही, त्यामुळे हा अंदाज शेवटी आमच्यासारख्यांच्या कानांवर सोपवला जातो.

त्यानंतर मी जुन्या मोटरीला लॅपटॉप जोडला. इंधन संगणकाने सोडणाऱ्या मोटरींत एक नोंद साठत जाते, ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. मोटर एकूण किती तास चालली एवढेच त्यात नसते, तर मिनिटाला किती फेऱ्यांवर किती तास चालली, याचे टप्प्याटप्प्याने विभाजन असते. मालक काय सांगतो आणि मोटर काय सांगते यांतली तफावत पाहणे हा माझ्या कामातला सर्वांत आवडता भाग आहे. ‘मी कधीच पूर्ण दाबत नाही,’ असे म्हणणाऱ्यांच्या मोटरी निम्मा वेळ पूर्ण दाबलेल्या आढळतात. काकांची नोंद उलट निघाली. एकूण २१४० तास. त्यांपैकी ५८ टक्के हजार फेऱ्यांखाली, २१ टक्के हजार ते दोन हजारांत, १० टक्के तीन हजारांपर्यंत, ६ टक्के चार हजारांपर्यंत, ३ टक्के पाच हजारांपर्यंत आणि पाच हजारांच्या वर फक्त २ टक्के.

इतके स्वच्छ चित्र क्वचितच मिळते. डॉल्फिन दिसेपर्यंत तरंगत राहायचे, गरी टाकून मंद चालायचे, पक्ष्यांजवळ आवाज न करता सरकायचे. होडीचे आयुष्य असेच गेले होते. मोठी मोटर तासन्‌तास मंद ठेवली की ती पुरती तापत नाही, न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि तेल पातळ होते. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येतच होता. लहान मोटर त्याच कामासाठी थोडी अधिक राबते, गरम राहते आणि पिछाडीवरचे वजनही कमी होते. मी ४० ची सुचवली. ९० आणि ४० यांच्या किमतींतला फरक ऐकल्यावर काकांच्या धाकट्या मुलाने लगेच होकार दिला. काका कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मेस्त, तुला कळतं ते मला कळत नाही.” ही शरणागती आहे असे मी तेव्हा समजलो.

मोटर बसवण्याचे काम मनासारखे झाले. ती पिछाडीवर किती उंचीवर बसवायची हे मी दोरी लावून ठरवतो. पंख्याच्या वरची आडवी पाती होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. ती फार वर गेली तर पंखा हवा ओढतो आणि फार खाली गेली तर होडी पाणी ओढते. नदीत दोघांनिशी चाचणी घेतली तेव्हा मोटर ५८०० फेऱ्यांपर्यंत गेली. पुष्कळजण इथेच थांबतात आणि गिऱ्हाईक आठ प्रवासी भरते तेव्हा हात झटकतात. मी पाण्याने भरलेले वीस लिटरचे पंचवीस कॅन होडीत ठेवले, म्हणजे पाचशे किलो. तेवढ्या भारासह फेऱ्या ४७०० वर आल्या, म्हणून १३ इंची पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) पंखा काढून ११ इंचीचा लावला आणि त्या ५१०० झाल्या. कंपनीची मर्यादा पाच ते सहा हजारांची आहे. भरलेली होडी नाक वर करून, शेपूट बसवून, मग पाण्यावर उचलली जायला चौदा सेकंद घेत होती. तो आकडाही मी वहीत लिहिला आणि त्याखाली ‘समाधानकारक’ असा शेरा दिला.

काका म्हणाले, “आता बाहेर जाऊन येऊ.” नोंदीत बाहेरचे वेगळे काही नाही, असे मी म्हणालो. त्यावर ते एवढेच बोलले, “न्हंय वेगळी, दर्या वेगळो.” म्हणजे नदी वेगळी, समुद्र वेगळा. कॅन तसेच ठेवायला त्यांनी सांगितले.

त्या दिवशी अमावास्या होती. दुपारी दोनला आम्ही निघालो तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात होती, आणि अरबी समुद्रात दूर कुठेतरी खराब हवा असल्याने लांब लाटा येत होत्या. शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. बाहेर पडणारे पाणी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात, आणि लाट आखूड व उभी होते. बाहेर जाताना नाक लाटेला दिलेले असते, त्यामुळे फारसे काही जाणवले नाही. तीनच्या सुमारास परतताना काकांनी दांड्याच्या अलीकडे होडी मंद करून चार-पाच लाटा जाऊ दिल्या, एका लाटेची पाठ निवडली आणि मोटर पूर्ण दाबली.

उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दोन-सव्वादोन मीटर पाण्यात तो नऊ नॉटच्या आसपास असतो. भरलेली होडी शेपूट बसवून अडखळते तीही साधारण त्याच वेगाला. त्या दिवशी दोन लाटांत दहा-अकरा सेकंदांचे अंतर होते आणि आमच्या होडीला पाण्यावर यायला चौदा लागत होते. निवडलेली लाट आमच्या पुढे निघून गेली आणि मागची पिछाडीखाली आली. होडी उचलली गेली, पंख्याने हवा ओढली, मोटर किंचाळली आणि होडीची शेपूट डावीकडे सरकली. बारा कॅन एका बाजूला घसरले. तेवढ्यात काकांनी मोटर सोडली, होडी वळू दिली, मग पुन्हा दाबून नाक समुद्राकडे केले आणि पुढची लाट आम्ही समोरून घेतली. पाणी पोटरीपर्यंत आले, त्यापलीकडे काही झाले नाही. दुसरा प्रयत्न त्यांनी केला नाही.

आम्ही बाहेर खोल पाण्यात गेलो आणि तीन तास तिथे नुसते थांबलो. मोटर मंद चालू होती, म्हणजे माझ्या कागदातल्या ५८ टक्क्यांत भर पडत होती. काका रागावलेले नव्हते. जुनी साठची मोटर लाटेची पाठ धरून ठेवायची, दांडा ओलांडेपर्यंत तीन-चार मिनिटे ती पूर्ण दाबलेली असायची आणि मग नदीत शिरताच सोडलेली, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, हंगामात अशा किती खेपा होतात? एकशेवीसच्या आसपास, ते म्हणाले. पाच हंगामांच्या सहाशे खेपा, प्रत्येकी चार मिनिटे, म्हणजे चाळीस तास. २१४० तासांचे दोन टक्के त्रेचाळीस होतात. माझ्या कागदावरचा सर्वांत लहान आकडा म्हणजे जवळजवळ अख्खा तो दांडाच होता.

पाचच्या सुमारास सुकती संपली. भरतीने दांड्यावर पाणी चढले, लाटा बसल्या आणि अंधार पडता पडता आम्ही कसलाही त्रास न होता आत आलो.

घरी काही सांगण्याआधी काकांनी मला विचारले होते की मुलाला काय सांगायचे. मी सगळे सांगितले. चाळीसची मोटर विक्रेत्याने परत घेतली, पण वापरलेली म्हणून, आणि दोनच दिवस वापरलेल्या वस्तूवर त्याने किती कापले हे लिहिण्यासारखे नाही. तो फरक मी आणि काकांनी अर्धा अर्धा सोसला. नवी साठची बसवली. भरलेली होडी आता सात सेकंदांत उचलली जाते. काकांना अजूनही ९० च हवी होती असे वाटते, आणि फळी मजबूत करून घेतली असती तर त्यांचे म्हणणे चूक ठरले असते असे मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही.

नोंद खोटे बोलली नव्हती. एखाद्या टप्प्यात मोटर किती तास होती हे ती सांगते, पण ते तास सलग होते की चार-चार मिनिटांचे, आणि त्या चार मिनिटांत मागे काय येत होते, हे तिच्यात नसते. ते ज्याला ठाऊक होते तो माणूस माझ्यासमोर बसला होता. मी त्याला पेट्रोल किती लागते ते विचारले, तास विचारले, प्रवासी किती ते विचारले. तो कागदाकडे बराच वेळ पाहत होता, तेव्हा काय पाहतो आहे हे मात्र विचारले नाही.

डिसेंबरात नव्या मोटरीचे वीस तासांनंतरचे तेल बदलताना लॅपटॉप जोडला, तर पाच हजारांवर चोवीस मिनिटे दिसली. काका म्हणाले, सहा वेळा आत आलो.

मी ज्यांना अशाच नोंदीवरून लहान मोटर दिली त्यांचे कागद संगणकात आहेत. ते अकरा आहेत. आतापर्यंत मी चौघांना फोन केला. तिघे नदीबाहेर जातच नाहीत. चौथ्याने अजून फोन उचललेला नाही.