गोट लावून झाला

सोमवार, १२ जानेवारी

मोठ्या गोधडीचा चौथा कोपरा आज दुपारी वळला आणि गोट (कडा झाकणारी कापडाची पट्टी) लावून झाला. श्रावणात थर अंथरले होते. सासूबाईंची दोन लुगडी, सासऱ्यांचं एक धोतर आणि वर माझ्या विटलेल्या सुती साड्यांचे चौकोन. गणपती, नवरात्र, दिवाळी या धामधुमीत ती गुंडाळून कपाटावर पडली होती. डिसेंबरात थंडी पडली तशी पुन्हा खाली काढली. थंडीत गोधडी शिवायचं सुख वेगळंच. जेवढी शिवून होते तेवढी मांडीवर पसरलेली असते, त्यामुळे तिची ऊब शिवणारीला सगळ्यांच्या आधी मिळते.

माझ्या ओळखीत कितीतरी जणींच्या ट्रंकेत गोधड्या अर्धवट पडून आहेत. मधले टाके उत्साहाने घातलेले, पण कडा उघड्या. का कोण जाणे, शेवटचं काम बायकांना कंटाळवाणं वाटतं. मला तर तेच सगळ्यात आवडतं. गोधडी आधी कडेलाच विरते. झोपेत आपण कडच धरून ओढतो, धुताना पिळायला कडच हातात येते, वाळत घालतानाही ताण तिथेच पडतो. गोट पक्का असेल तर आतला थर बाहेर डोकावत नाही आणि गोधडी वर्षानुवर्षं चालते.

या वेळी गोटासाठी लुगड्याचाच काठ घेतला. लुगड्याचं अंग विरून जाळी झालेलं असतं तरी काठ मात्र घट्ट विणीचा, धड राहतो. तीन इंच रुंदीची पट्टी घेतली, लांबीत दुमडली, तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवल्या आणि मशीनवर एक टीप मारली. कोपऱ्याला खरी कसोटी. कड संपायच्या पाव इंच अलीकडे टीप थांबवायची. पट्टी सरळ वर दुमडायची, म्हणजे तिला तिरकी घडी पडते. ती घडी अंगठ्याखाली दाबून धरायची आणि पट्टी पुन्हा खाली, पुढच्या कडेवर आणायची. मग तिथून नवी टीप. पट्टी मागच्या बाजूला उलटवली की कोपऱ्यात आपोआप तिरकी रेघ उमटते आणि कोपरा टोकदार बसतो. मागची बाजू मी हातानेच हेम करते. मशीनने लवकर होतं, पण एवढ्या थरांवर टीप कुठेतरी सरकतेच, आणि मागची बाजूही पुढच्याइतकीच देखणी हवी असा माझा हट्ट आहे.

आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणते) कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण बोटांना सगळं कळतं. म्हणाल्या, "कोपरे छान आलेत गं. आता एकदा पाण्यातून काढ, आणि मग सांग झाली म्हणून."

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगूळ, गुळाच्या पोळ्या. दुपारी बुधवारच्या बाजाराला गेले. गोदाकाठी आज तुडुंब गर्दी. भोगीच्या भाजीतला उरलासुरला पावटा आणि हरभरा स्वस्त झालेला. तिथून चालत वर मेन रोडला जाऊन पांढऱ्या जाड सुती दोऱ्याच्या रिळी आणल्या, कारण बाळाचं दुपटं अजून व्हायचंय. पुतणीच्या मुलाचं बोरनहाण रथसप्तमीला आहे.

परत येताना गाडगे महाराज पुलावर जरा थांबले. या माणसाला लोक गोधडे महाराज, चिंधेबुवा असंही म्हणत, अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे. १८७६ साली विदर्भात जन्मले आणि गावोगाव हातात खराटा घेऊन फिरले. पंढरपूर, आळंदी, देहू आणि आपल्या नाशकातही त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः चिंध्या जोडलेलं वस्त्र सोडलं नाही. गोधडी शिवायला लागल्यापासून त्यांच्याबद्दल मला वेगळी माया वाटते. टाकून दिलेल्या कापडाची लाज वाटू नये, हे त्यांनी अंगावर वागवून दाखवलं.

संध्याकाळी दुपट्याला बसले. दुपटं लहान, तीन फूट बाय तीन फूट, पण त्याचे नियम मोठ्या गोधडीपेक्षा कडक. थर तीनच. त्याहून जास्त झाले तर बाळाला जड होतं आणि धुतल्यावर लवकर वाळतही नाही. टाका बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. टाके लांब असले की त्यात बाळाची बोटं अडकतात. टिकल्या, बटणं, जरी काही नाही. आणि गाठ कुठेही वर दिसता कामा नये. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायची, सुई वरच्या थरातून घालून इंचभर पुढे काढायची आणि दोरा हलकासा हिसका देऊन ओढायचा. 'टप्' असा बारीक आवाज होतो आणि गाठ थरांच्या मध्ये जाऊन बसते. तो आवाज मला फार आवडतो. संपवतानाही तसंच करायचं, शेवटची गाठ आत ओढायची आणि दोऱ्याचं टोक पुढे आतच हरवू द्यायचं.

दुपट्याच्या मधोमध आईंच्या काळ्या चंद्रकळेचा चौकोन लावला आहे. संक्रांतीच्या बाळाला काळं हवंच. काळा रंग ऊन धरून ठेवतो, म्हणून या दिवसांत काळं नेसायची रीत. चंद्रकळेवरच्या पांढऱ्या बुंदक्या आता फिक्या पडल्यात, पण कापड असं मऊ झालंय की गालाला लावावंसं वाटतं. भोवती माझ्या जुन्या पिवळ्या साडीच्या पट्ट्या. उरलेल्या खणाची कुंची आधीच शिवून ठेवली आहे. तिला आतून मलमलचं अस्तर दिलं, कारण खण टोचतो.

रविवार, १८ जानेवारी

आज शिवण नाही. चिंध्यांचं बोचकं सोडून बसले. सुती एका ढिगात, टेरिकॉट दुसऱ्या, रेशमी तिसऱ्या. रुबियाचे ब्लाउज उसवून वेगळे केले. त्यांचे तुकडे लहान निघतात, पण रंग पक्के. रेशीम मी गोधडीत घालत नाही. ते सुतीवर सरकतं, आणि घर्षणाने आधी विरतं ते तेच. येवल्याच्या पैठणीचा एक फाटका पदर आहे, आईंच्या माहेरचा. त्याच्या मोरांचा बटवा करायचा विचार आहे. गोधडी पायाशी जाते, आणि त्या पदरावर पाय पडलेले आईंना खपणार नाहीत. मलाही नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

मोठी गोधडी आज धुतली. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल चौकोन घासून बघितले, फडक्याला रंग लागला नाही. मग गच्चीवर मोठ्या टबात गार पाण्यात भिजवली. ओली गोधडी एकटीने उचलत नाही. मुलाला बोलावलं, दोघांनी दोन टोकं धरून पिळली आणि कठड्यावर टाकली. दिवसभर ऊन चांगलं होतं.

आईंच्या तरुणपणी निफाडकडे हे काम नवरात्राआधी व्हायचं. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघायची, गाडीत घालून नदीवर न्यायची. काठावरच्या दगडांवर रंगीबेरंगी गोधड्या पसरलेल्या मी स्वतःही पाहिल्या आहेत. अजूनही जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत बायका त्या दिवसांत नदी गाठतात.

पहिल्या धुण्यात गोधडी बदलते. दोरा जरासा आकसतो, कापड टाक्यांच्या मध्ये फुगतं आणि सगळ्या अंगावर बारीक सुरकुत्या उमटतात. त्या सुरकुत्यांतच ऊब असते. थरांच्या मध्ये अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा पाच-सहा पातळ थर जास्त ऊब देतात. निफाडला पारा दरवर्षी खाली जातो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या थंडीत लोकांनी कितीतरी पिढ्या याच हवेवर काढल्या.

हल्ली गोधडीसाठी नवं कापड विकत आणतात. तयार चौकोनांचे संचही मिळतात, छापील फुलांचे. दिसायला छानच. पण मला ते पटत नाही, आणि कारण फक्त भावनेचं नाही. नव्या कापडात खळ असते, ते कडक असतं आणि धुतल्यावर आटतं. जुनं लुगडं शेकडो धुण्यांतून गेलेलं असतं, त्याला जेवढं आटायचं तेवढं ते आटून चुकलेलं असतं. त्यातून सुई लोण्यातून जावी तशी जाते. नवीन कापडाच्या सहा थरांतून सुई काढा, अंगुस्तान घालूनही बोट दुखायला लागेल. शिवाय हिशेबही बघा. साडेपाच मीटरच्या साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे पडतात. म्हणजे एका साडीत एकाला पुरेल अशा पांघरुणाचे तीन थर निघतात. वर दुसऱ्या साडीची ठिगळं, झालं. विकत काय आणायचं? दोरा आणि सुई.

आपल्याकडच्या बायका टाके काठावरून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत येतात. बऱ्याच परदेशी क्विल्टवाल्या मधून बाहेर जातात. मी काठावरूनच जाते, पण आधी चारही बाजूंना आणि मध्ये आडवे-उभे लांब कच्चे टाके घालून थर बांधून घेते. अंथरताना कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, मुलाची जाडजूड पुस्तकं ठेवते. दोरा हातभरच घेते आणि मेणावरून ओढते, म्हणजे गुंतत नाही. आणि टाका साधा धावदोरा. बंगालच्या कांथ्यात हाच, बिहारच्या सुजनीत हाच, उत्तर कर्नाटकातल्या कौदीत हाच, जपानी लोकांच्या साशिकोतही हाच. इतक्या ठिकाणच्या बायकांना वेगवेगळं एकच सुचलं, जुनं कापड आणि साधा टाका. हे आठवलं की मला भरून येतं.

ठिगळं जोडायला मशीन मी आनंदाने वापरते. थर शिवायला नाही. मशीनची टीप गोधडीला ताठ करते. हाताचा धावदोरा सैल असतो, गोधडी अंगावर टाकली की ती अंगाच्या वळणाने पडते.

संध्याकाळी गच्चीवरून आणून आईंच्या पलंगावर टाकली. त्यांनी काठ चाचपून आपलं लुगडं ओळखलं. "हे लग्नानंतर घेतलेलं," म्हणाल्या, आणि कुठल्या दुकानातून, कोणाबरोबर, किती घासाघीस करून ते सगळं सांगत बसल्या. सासऱ्यांचं धोतर आत आहे, ते बाहेरून कुठे दिसत नाही. ते कुठल्या थरात आहे एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मधल्या.

रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी

बोरनहाण झालं. बाळाला काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हार, हातात हलव्याची बासरी. चिमुकल्या पाटावर बसवून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून ओतले. आजूबाजूच्या पोरांनी ते वेचायला एकच गिल्ला केला. बाळ त्या गोंधळात अजिबात रडलं नाही. पाटाखाली दुपटं अंथरलेलं होतं, ते बोरांच्या पिवळ्या डागांनी माखलं. पुतणी ओशाळून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अगं, त्यासाठीच शिवलंय ना! बासनात बांधून ठेवलंस तरच मी रागावेन." खरंच, शो-पीस म्हणून भिंतीवर टांगलेली दुपटी बघितली की जीव तुटतो. धुवा, वापरा, फाटलं तर ठिगळ लावा. ठिगळाला जागा असावी म्हणून तर ते चौकोनांचं शिवलंय.

जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. बराच वेळ दुपट्याची मागची बाजू उलटसुलट करून बघत राहिल्या, गाठ शोधत. सापडली नाही. मग हळूच म्हणाल्या, "मला शिकवाल का हो? माझ्या माहेरच्या आईच्या साड्या तशाच पडून आहेत, द्यायचा धीर होत नाही."

मला इतका आनंद झाला! पुढच्या रविवारी त्या येणार आहेत. रात्री फोनवर काय काय आणायचं ते सांगितलं. साड्या फक्त सुती. धुऊन, इस्त्री करून आणायच्या, आणि फॉल आधी उसवून टाकायचा. विरलेल्या असल्या तरी चालतील, तळाला घालू. लांब सुई, अंगुस्तान माझ्याकडे आहे. चष्मा विसरू नका. दुपारी लवकर या, दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला सरकवून ठेवते, म्हणजे ऊन आहे तोवर थर अंथरून होतील. त्यांनी विचारलं, "एका दिवसात होईल का?" म्हटलं, अंथरून नक्की होईल. शिवायला पुढचा पावसाळा आहे. गोट लावायला मात्र तुम्ही परत इथेच या, कोपरे दोघी मिळून वळवू.