घुमटाला दोन माइक

लिस्बनमध्ये मी नेमकं काय वाजवतो, कुणासाठी वाजवतो आणि त्यावर घर कसं चालतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. चवथीसाठी फोंड्याला आलो आहे. गणपती पोचवून झाले, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-भाज्यांची चौकट) उतरली, पाहुणे पांगले आणि रेकॉर्डिंग सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे. म्हणून आज निवांत लिहितो.

मी सेशन वादक. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात, दुसऱ्याच्या चित्रपटात, दुसऱ्याच्या नाटकात माझी पेटी वाजते. स्टुडिओत जायचं, समोर स्वरलिपीचा कागद ठेवला तर तो वाचायचा, नाही ठेवला तर कानाने उचलायचं, टेक द्यायचे आणि निघायचं. हार्मोनियम, ऑर्गन, पियानो, जे लागेल ते. उरलेल्या वेळात स्वतःचं संगीत रचतो. पोर्तुगालमध्ये पेटी वाजवणारे मोजकेच आहेत, त्यामुळे कामं येत राहतात.

इतक्यातलं सर्वांत मनापासून केलेलं काम म्हणजे एका फादो गायिकेचा अल्बम. फादो हे लिस्बनच्या जुन्या वस्त्यांचं, अल्फामा आणि मोरारियाच्या गल्ल्यांचं गाणं. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. साथीला मुख्यतः दोन वाद्यं: बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि जोडीला साधी गिटार, जिला तिथे व्हियोला म्हणतात. गायिका ओळ म्हणते, शेवटचा शब्द हवा तितका ताणते, लय तिच्यासाठी थांबते आणि ती श्वास घेते तेवढ्यात गिटार उत्तर देऊन जाते. क्लिक ट्रॅक, म्हणजे लय बांधून ठेवणारा कानातला यांत्रिक ठोका, नसतो. सगळ्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर. ज्याने म्हार्दोळच्या किंवा मंगेशीच्या जत्रेत नाट्यगीतांना साथ केली आहे, त्याला हे परकं वाटत नाही. गायक कुठे थांबणार, कुठे उचलणार, हे त्याच्या खांद्यांवरून ओळखायला मी बाबांच्या शेजारी बसूनच शिकलो.

अडचण होती ती सुरांची. गिटारला पडदे असतात आणि स्टुडिओत सगळी वाद्यं ४४० हर्ट्झच्या ‘ए’ला, म्हणजे एका ठरलेल्या पाश्चात्त्य स्वराला, मिळवलेली असतात. गिटारची तार खुंटी पिळून लावता येते. पेटीच्या सुराचं तसं नाही. धातूची पट्टी टोकाकडे घासली की स्वर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो, आणि एकदा घासलेला धातू परत येत नाही. फोंड्याच्या घरातली बाबांची पेटी गवयाच्या षड्जाला धरून, कानाने लावलेली आहे. तिच्यावरचा गंधार तंबोऱ्याशी इतका मिळतो की ऐकत राहावं. तोच गंधार गिटारच्या गंधाराशेजारी ठेवला तर उतरलेला वाटतो. म्हणून लिस्बनची पेटी वेगळी ठेवली आहे, समान अंतरांच्या सप्तकात लावलेली. त्या अल्बममध्ये मी स्वरसमूह (कॉर्ड) वाजवलेच नाहीत. खालच्या सप्तकात एकच ओळ, तीही गिटार थांबली की. पेटी सतत वाजत राहिली तर तारांमधली पोकळी भरून जाते, आणि फादोला ती पोकळी हवी असते.

आपल्याकडे पेटीने किती सोसलं आहे ते ठाऊक असेलच. १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती, कारण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि स्वर जागचे हलत नाहीत. तरी आमच्या बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांनी ती पेटी गाती केली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. लिस्बनच्या स्टुडिओत एकदा विश्रांतीच्या वेळी मी त्यांचं वादन लावलं होतं. गिटारवाला, पन्नाशीचा, आयुष्यभर फादोच्या घरांमधून वाजवत आलेला माणूस, तो खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसला आणि भात्याची हवा ते कुठे सोडतात एवढंच विचारत राहिला. योग्य प्रश्न होता. पेटीत बोटं सगळेच चालवतात, गाणं भात्यात असतं.

बाकीच्या कामांचं थोडक्यात. एका माहितीपटाचं पार्श्वसंगीत केलं, तिथे मात्र चित्राच्या सेकंदांशी बांधलेला क्लिक कानात होता. पुण्याच्या एका वेब मालिकेसाठी घरूनच ऑर्गनचे तुकडे पाठवले. उन्हाळ्यात पोर्तुगाल साडेचार तास मागे असतं, त्यामुळे पुण्याची दुपार आणि माझी सकाळ जुळते. एका नाटकासाठी संगीत रचलं, त्याचे प्रयोग अजून चालू आहेत.

या सगळ्यात एक मागणी हमखास येते. निर्माता म्हणतो, “जरा भारतीय वाटू दे.” त्याच्या डोक्यात सतार असते, फार तर तबला. संगणकात आधीच मुद्रित केलेला आवाज, म्हणजे सॅम्पल, तयार असतं, बोट दाबलं की सतार. मी दर वेळी सांगतो की ज्या गोव्याशी तुमचं साडेचारशे वर्षांचं नातं होतं, त्या गोव्याचा नाद वेगळा आहे, तो ऐका. आणि मग घुमट ऐकवतो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: घुमट हे मातीचं, घड्यासारखं वाद्य. दोन तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं, धाकटं उघडं. खांद्याला अडकवून उजव्या हाताने थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत नादाला वळण द्यायचं. सोबत शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे, म्हणजे झांजा. चवथीला घरोघरी आरत्या होतात त्या याच साथीवर. घरात बोलणं कोंकणीतून आणि आरती मराठीतून, यात आमच्याकडे कुणाला काही वेगळं वाटत नाही. देवळात याच वाद्यांची सुंवारी, म्हणजे सामूहिक वादन, चालते, संथ सुरू होते आणि चढत चढत अशी जाते की वाजवणाऱ्यांना घाम फुटतो. दक्षिण गोव्यात साष्टीतल्या ख्रिस्ती घरांत हेच घुमट मांडो या कोंकणी गीतप्रकाराच्या साथीला व्हायोलिनशेजारी बसतं. एका वाद्याने दोन्ही घरं सांभाळलेली मला दुसरीकडे दिसलेली नाहीत. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, ते उचितच झालं.

पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात व्हायला बराच काळ गेला. आता बकऱ्याचं कातडं वापरतात. जुने वादक म्हणतात तो आवाज नाही, आणि कानाला फरक जाणवतो हे खरं. पण घोरपड मारून मिळणारा नाद मला नको. शिवाय जुनं घुमट विमानाने नेणं म्हणजे संरक्षित प्राण्याचं कातडं सीमेपार नेणं, तो गुन्हाच. मी लिस्बनला नेणार आहे ती घुमटं बकऱ्याच्या कातड्याची, नवी, कुंभाराकडून जाड काठाची घडवून घेतलेली.

तर माझं पुढचं काम हेच आहे: घुमट, शामेळ, कासाळे, ऑर्गन आणि पोर्तुगीज गिटार यांच्यासाठी एक दीर्घ रचना. तालवाद्यं इथे फोंडा तालुक्यात रेकॉर्ड करायची, ऑर्गन इथलाच, बाबांच्या नाटकमंडळीतला पायपेटीचा, आणि गिटार नंतर लिस्बनमध्ये. इथले सगळे वादक एकत्र, एकाच खोलीत. क्लिक कुणालाही देणार नाही, कारण चढती लय हाच सुंवारीचा प्राण आहे आणि तिला ठोक्याच्या कुंपणात घातलं तर ती मरते. उलट करणार आहोत. वादकांनी वाजवलेली लय संगणकात मात्रेमात्रेने टिपायची आणि तिचा नकाशा गिटारवाल्याला द्यायचा. त्याने आमच्या वादकांच्या मागे जायचं. गायिकेच्या मागे जायची सवय असलेल्या माणसाला ते जमेल याची मला खात्री आहे.

चाचणी रेकॉर्डिंग गेल्या आठवड्यात घेतलं. घुमटाला एकच माइक लावला तर अर्धं वाद्य हरवतं. समोरून लावला तर थाप येते, घुमारा येत नाही. मागून लावला तर नुसता घुमारा. म्हणून दोन हवेत. पण दोन्ही सरळ मिसळले की आवाज पोकळ होतो. कारण साधं आहे. थाप पडते तेव्हा चामडं आत जातं आणि त्याच क्षणी आतली हवा मागच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते. एका माइकला हवा दूर जाताना कळते, दुसऱ्याला अंगावर येताना. दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, खालचा नाद आधी. मागच्या माइकची पोलॅरिटी, म्हणजे त्याच्या लाटेची वर-खाली दिशा, उलटी केली, अंतर बोटभर सरकवलं, आणि घुमट खोलीत उभं राहिलं. आमच्या आवाठातले (वाड्यातले) काका, जे मला लहानपणी शामेळ धरायला शिकवत, त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, “रे, माझो डावो हात आयकूं येता.” डावा हात ऐकू येतो. आजवर मंडपातल्या लाउडस्पीकरवर त्यांचा डावा हात कुणी ऐकलाच नव्हता.

पावसाळी दमटपणाने चामडं सैल पडतं, म्हणून दर टेकच्या आधी घुमटं धगीवर धरावी लागतात. लिस्बनच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट होईल, चामडं ताणून नाद वर जाईल. त्यासाठीही इथेच, या हवेत वाजवून घेणं बरं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. नावं.

मुंबईच्या चित्रपट संगीताचा मोठा काळ गोव्याच्या माणसांनी वाजवला. चर्चच्या पाठशाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत, म्हणून स्टुडिओत लिहिणारे-वाचणारे हात गोवेकरांचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सेबॅस्टियन डिसोझा, ज्यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचं रूप दिलं. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, जे आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, ही मंडळी रात्रीत प्रत्येक वाद्याचा कागद लिहून आणायची. तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं, कवीचं. यांची नावं आज आपल्याला थोडीफार माहीत आहेत ती नंतर कुणी शोधून काढली म्हणून. त्यांच्या मागच्या रांगेत बसलेल्यांची बहुतेक हरवली.

हा नुसता मानाचा प्रश्न नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकारांना त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क दिला. पण त्याच कायद्यात एक कलम असं आहे की चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि ज्याचं नाव धंद्याच्या रिवाजानुसार श्रेयनामावलीत येत नाही, त्याला एक मर्यादित बाब सोडली तर ‘कलाकार’ मानायचंच नाही. म्हणजे नाव न लिहिण्याची सवयच हक्क नाकारण्याचं कारण ठरू शकते. मुंबईत मी वाजवलेल्या एका ऑर्गनच्या तुकड्याला आजतागायत माझं नाव नाही, आणि तो तुकडा अजून ऐकू येतो.

युरोपात स्थिती आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पण २०११ च्या युरोपीय निर्देशाने ध्वनिमुद्रणावरचा हक्क ५० वरून ७० वर्षांवर नेला आणि वाढीव वर्षांत, एकरकमी पैसे घेऊन वाजवलेल्या सेशन वादकांसाठी निर्मात्याने त्या उत्पन्नातले २० टक्के बाजूला काढावेत अशी सोय केली. लिस्बनमध्ये रेकॉर्डिंग संपलं की पहिला कागद पैशांचा नसतो. कुणी काय वाजवलं, कोणत्या ट्रॅकवर, पूर्ण नाव काय, याचा असतो. तो भरल्याशिवाय स्टुडिओ सोडता येत नाही, आणि ही शिस्त मला तिथून इकडे आणायची आहे.

म्हणून या रचनेत प्रत्येक घुमटवादकाचं, शामेळवाल्याचं, कासाळे धरणाऱ्या पोराचं नाव कागदावर असेल, मानधन त्या दिवशीच हातात असेल आणि उत्पन्नात वाटा लेखी असेल. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, देवापुढे वाजवतो त्याचे कसले पैसे. ते बरोबरच आहे. देवळातल्या सुंवारीचे पैसे मीही कुणाला देणार नाही आणि घेणारही नाही. पण तबकडी देवासाठी नसते, ती विकली जाते. हे त्यांना पटायला एक संध्याकाळ आणि दोन कप चहा लागला. शेवटी त्यांनी सही केली आणि खाली आपल्या वडिलांचंही नाव लिहायला लावलं, कारण हात त्यांचा आहे म्हणाले. ते नावही छापणार.

दसऱ्याआधी इथलं रेकॉर्डिंग आटपेल. नंतर लिस्बनला गिटार, मग मिक्सिंग. पहिला प्रयोग पणजीत करावा अशी फार इच्छा आहे, तारीख ठरली की कळवीन. दरम्यान फादो गायिकेचा दुसरा अल्बम येतो आहे आणि त्यातही पेटी असणार आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, केपे, कुठल्याही गावच्या घुमट आरतीची जुनी कॅसेट घरात असेल, तर ती फेकू नका. आणि त्यात कोण वाजवतंय हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून कव्हरवर लिहून ठेवा: नाव, गाव, वाद्य. मला कळवलंत तर मी दसऱ्यापर्यंत इथेच आहे, येऊन ऐकीन.